वृद्धनिवास चालवायला काय यावे लागते?

गृहसंकुलाच्या फाटकावर उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाने किती तास शिकावे, हे आपल्याकडे लिहून ठेवलेले आहे. खासगी सुरक्षा यंत्रणांसाठी केंद्राने २००५ साली कायदा केला आणि त्याखालच्या नमुना नियमांनी वर्गातले १०० तास व प्रत्यक्ष कामाचे ६० तास असे प्रशिक्षण ठरवून दिले. औषधाचे दुकान नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चालवता येत नाही. उपाहारगृहात अन्न हाताळणाऱ्या दर २५ जणांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. पण ज्या घरात तीस-चाळीस वृद्ध माणसे राहतात, ज्यांना अंघोळीला, जिना उतरायला, वेळच्या गोळ्या वेळेवर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो, त्या घराचा कारभार पाहणाऱ्याने काय शिकलेले असावे, याबद्दल महाराष्ट्रातला कायदा काही बोलत नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली की हिशेबांची तपासणी होते. इमारतीला अग्निशमन दलाचा दाखला लागतो. स्वयंपाकघराला अन्नपरवाना लागतो. माणसाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. या प्रकरणात एवढेच म्हणायचे आहे, की वृद्धनिवासाचा परवाना इमारतीला आणि संस्थेला देऊन भागत नाही. तो चालवणाऱ्या व्यक्तीची पात्रता स्वतंत्रपणे तपासली पाहिजे, आणि ती तपासणी सुरुवातीला एकदाच करून थांबता कामा नये.

हे का, ते समजण्यासाठी आधी असिस्टेड लिव्हिंग म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था कशी जन्मली ते पाहू. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात, केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८३ साली ‘पार्क प्लेस’ नावाचे ११२ घरांचे निवास उघडले. त्यांच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला होता आणि पुढची कित्येक वर्षे तिला नर्सिंग होममध्ये काढावी लागली होती. विल्सन यांना हवे होते असे घर, जिथे मदत मिळेल पण माणूस रुग्ण होणार नाही. म्हणून पार्क प्लेसमध्ये प्रत्येकाला स्वतःचे दार होते, त्याला आतून कुलूप होते, छोटे स्वयंपाकघर होते, आणि काय खायचे, कधी झोपायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. ही हकिकत जगभरच्या वाचकांपर्यंत नेली ती डॉ. अतुल गावंडे यांनी, २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकातून. त्याच पुस्तकात त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावी शंभरी ओलांडून, नातेवाइकांच्या गोतावळ्यात जगलेल्या आपल्या आजोबांचेही चित्र उभे केले आहे. एकीकडे उटीचे भरलेले घर, दुसरीकडे पोर्टलंडचे आतून कडी लावता येणारे दार. दोन्हीकडे माणसाची इच्छा शिल्लक राहते. फरक असा की उटीत आजोबांवर नजर ठेवायला सगळे घर होते, पोर्टलंडमध्ये ते काम पगारी माणसांना करावे लागते.

आणि इथेच प्रशिक्षणाचा प्रश्न उभा राहतो. रुग्णालयात चूक होऊ नये म्हणून माणसांची उतरंड असते: डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, नोंदवह्या, फेऱ्या. वृद्धनिवासात यातले बहुतेक काही नसते, आणि नसावेच, कारण ते घर आहे. पण म्हणूनच तिथले रोजचे बारीकसारीक निर्णय व्यवस्थापकावर आणि त्याने तयार केलेल्या केअरटेकरांवर येऊन पडतात. काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज सकाळी असंबद्ध बोलू लागल्या, तर न शिकलेला माणूस म्हणतो, वय झाले, चालायचेच. शिकलेल्याला माहीत असते की असा अचानक आलेला गोंधळ बहुधा म्हातारपणाचा नसतो. तो मूत्रमार्गाच्या संसर्गाचा असू शकतो, शरीरातले पाणी कमी झाल्याचा असू शकतो, नव्या गोळीचा असू शकतो, आणि वेळेवर डॉक्टरकडे नेले तर तो पूर्ण बराही होऊ शकतो. माकडहाडापाशी दिसणारी आणि दाबली तरी न जाणारी लाली ही बेडसोअरची पहिली पायरी. ती त्या दिवशी ओळखली तर कूस बदलत राहणे, गादी बदलणे एवढ्यावर भागते. पंधरवड्याने ओळखली तर जखम हाडापर्यंत गेलेली असते. रात्री उठून पडलेले आजोबा ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतात, पण ते रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असतील तर डोक्यावरचा छोटासा मारही रुग्णालयात नेण्याइतका गंभीर ठरतो. यातल्या एकाही प्रसंगी व्यवस्थापकाने उपचार करायचे नाहीत. त्याने ओळखायचे आहे आणि हालचाल करायची आहे. ही ओळख मायेतून येत नाही, ती शिकावी लागते.

अमेरिकेत नर्सिंग होमसाठी १९८७ चा केंद्रीय सुधारणा कायदा आहे, पण असिस्टेड लिव्हिंगसाठी देशभर लागू असा परवाना नाही. प्रत्येक राज्याने आपापली रीत बसवली. फ्लोरिडात व्यवस्थापकाला २६ तासांचा पायाभूत अभ्यासक्रम आणि परीक्षा, पुढे दर दोन वर्षांनी १२ तासांची उजळणी. कॅलिफोर्नियाची रीत अधिक कसून बांधलेली आहे, म्हणून ती जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. तिथे निवासाचा परवाना वेगळा आणि व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र वेगळे. निवासासाठी अग्निसुरक्षेचा दाखला, आराखडा, सुरुवातीचे महिने खर्च भागेल एवढ्या पैशांचा पुरावा आणि विमा लागतो. व्यवस्थापकासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण, बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, ८० तासांचा अभ्यासक्रम आणि १०० प्रश्नांची परीक्षा. निवास जितका मोठा तितकी अट चढती: १६ ते ४९ जणांच्या निवासासाठी थोडे महाविद्यालयीन शिक्षण आणि एक वर्षाचा अनुभव, ५० किंवा त्याहून अधिक जणांसाठी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि तीन वर्षांचा अनुभव. प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते. नूतनीकरणासाठी ४० तास पुन्हा शिकावे लागते आणि त्यातले किमान आठ तास स्मृतिभ्रंशावर. हाताखालच्या माणसांनाही सूट नाही. अंघोळ घालणाऱ्या, उठवून बसवणाऱ्या कर्मचाऱ्याला ४० तासांचे सुरुवातीचे प्रशिक्षण लागते, आणि त्यातले २० तास एकट्याने काम करण्याआधी पुरे व्हावे लागतात. गोळ्या देण्यात मदत करणाऱ्याचे तास आणखी वेगळे.

आकड्यांपेक्षा मला त्या ८० तासांत काय शिकवतात ते महत्त्वाचे वाटते. कायदा आणि हिशेब तर आहेतच. पण रहिवाशांचे हक्क, औषधांचा वापर व गैरवापर, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला गुंगीची गोळी न देता शांत कसे करावे, मरणासन्न माणसाची सोबत कशी करावी, हेही आहे. आणि एक विषय असा आहे ज्याचे मोल आपल्याकडे कोणाच्या ध्यानातही येत नाही: कोणाला ठेवून घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणे. कॅलिफोर्नियाच्या नियमांत अशा अवस्थांची यादीच आहे, ज्या असल्या तर विशेष परवानगीशिवाय त्या माणसाला असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातला बेडसोअर, नाकातून घातलेली अन्ननळी, गळ्याला पाडलेले श्वासाचे छिद्र, या त्यातल्या काही. कारण उघड आहे, अशा माणसाला कुशल परिचारिका लागते आणि ती या घरात नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडते. रुग्णालयाने घरी सोडलेला, नळी घातलेला, कूसही बदलू न शकणारा रुग्ण कुटुंबाला घरी झेपत नाही म्हणून वृद्धाश्रमात येतो. खाट रिकामी असते, कुटुंब हात जोडत असते, डिपॉझिट तयार असते, आणि नकार देणे क्रूर वाटते. ज्याला आपल्या घराची मर्यादा शिकवलेली नाही तो होकार देतो, आणि तो होकारच पुढे त्या माणसाच्या जिवावर उठतो. प्रशिक्षित व्यवस्थापकाला नकार द्यायचे बळ मिळते, कारण तो नियमाकडे बोट दाखवू शकतो. प्रशिक्षणाचा हा उपयोग मला सगळ्यांत मोठा वाटतो.

यावर पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका नाही. प्रमाणपत्राने माया येत नाही. आपल्याकडे कितीतरी आश्रम केवळ सेवाभावावर उभे राहिले आणि नीट चालले. मग हा कागदांचा सोस कशाला? आक्षेप घेणाऱ्याला कॅलिफोर्नियानेच मोठे उदाहरण पुरवले आहे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅस्ट्रो व्हॅली येथील एका निवासावर राज्याने बंदीचा आदेश काढला. बहुतेक कर्मचारी निघून गेले आणि डझनाहून अधिक वृद्ध मागे राहिले. त्यांना सांभाळले ते तिथल्या एका स्वयंपाक्याने आणि एका सफाई कामगाराने. पगाराची खात्री नसताना ते दोघे थांबले, जेवू घातले, स्वच्छता केली, अखेर बाहेरची मदत येईपर्यंत. प्रमाणपत्रवाले गेले आणि बिनप्रमाणपत्राचे राहिले, हे खरेच आहे. पण या घटनेतून राज्याने काय धडा घेतला ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्याच वर्षी, २०१४ साली, तिथे वृद्धनिवासांबद्दलच्या सुधारणांचे एकामागून एक कायदे झाले. पूर्वी व्यवस्थापकाचा अभ्यासक्रम ४० तासांचा होता, तो २०१६ पासून ८० तासांचा झाला. मृत्यूला कारण ठरणाऱ्या हयगयीचा दंड वाढला, दायित्वाचा विमा सक्तीचा झाला, रहिवाशांच्या हक्कांची सनद कायद्यात आली. त्या दोघांच्या माणुसकीला वंदन करूनही राज्याने असे म्हटले नाही की आता माणुसकीवरच घर चालू द्या. ते दोघे ज्या संकटात सापडले ते चालवणाऱ्यांच्या आणि देखरेख करणाऱ्यांच्या नाकर्तेपणातून आले होते. माया असलेल्या माणसालाही बेडसोअरची लाली ओळखता आली पाहिजे. ती ओळखता न आल्याने जे घडते, त्याचा सर्वांत मोठा चटका त्या मायाळू माणसालाच बसतो. सेवाभावी संस्थांनी प्रशिक्षणाची अट अविश्वासाची खूण मानू नये. परिचारिकेला परीक्षा द्यावी लागते म्हणून तिच्या सेवाभावावर कोणी शंका घेत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. अटी वाढल्या की खर्च वाढतो, छोटी घरे बंद पडतात आणि उरतात ती बड्या बिल्डरांची महागडी संकुले. ही भीती वाजवी आहे, कारण मध्यमवर्गाला आणि त्याखालच्यांना परवडतात ती छोटीच घरे. परंतु कॅलिफोर्नियात आजही परवानाधारक निवासांत बहुसंख्या आहे ती सहा किंवा त्याहून कमी जणांना ठेवणाऱ्या, साध्या वस्तीतल्या साध्या बंगल्यांत चालणाऱ्या घरांची. याचे कारण अट तोलून लावली आहे. पायाभूत ८० तास सगळ्यांना सारखे. पण महाविद्यालयीन शिक्षणाची आणि अनुभवाची अट फक्त मोठ्यांना. औषधे देणाऱ्या कर्मचाऱ्याचे सुरुवातीचे प्रशिक्षण १६ किंवा अधिक जणांच्या निवासात २४ तासांचे, त्याहून छोट्या घरात १० तासांचे. सहा जणांचे घर रहिवासी वस्तीत चालवायला वेगळी मुभा. खर्चाचा खरा भार असतो तो जागेच्या भाड्याचा आणि रात्रपाळीच्या माणसांचा. ८० तासांच्या शिकवणीने कोणाचे दिवाळे निघत नाही. उलट, एका टाळता येण्याजोग्या पडण्यातून झालेला खुब्याचा अस्थिभंग कुटुंबाला किती महाग पडतो, ते ज्यांनी सोसले त्यांना सांगायला नको.

तिसरा आक्षेप मात्र मला अधिक अडचणीचा वाटतो: परवाना आला की निरीक्षक येतो, निरीक्षक आला की चिरीमिरी येते, आणि शेवटी प्रमाणपत्र भिंतीवर राहते. आपल्याकडच्या लोकांना हे पटवून द्यावे लागत नाही. कॅलिफोर्नियाचा इतिहासही याबाबतीत धडा देणारा आहे. एकेकाळी तिथे काटकसरीपायी निवासांची नियमित तपासणी पाच वर्षांतून एकदा होईल, इतकी सैल करून ठेवली होती. कॅस्ट्रो व्हॅलीसारख्या घटना आणि वृत्तपत्रांचा, माहितीपटांचा रेटा यानंतर ती टप्प्याटप्प्याने आवळत २०१९ पर्यंत वार्षिक करण्याचा कायदा झाला. तपासणी ढिली पडली तर परवाना पोकळ होतो, हे मान्यच करायला हवे. पण यातून निघतो तो निष्कर्ष परवाना नको असा नाही. निरीक्षकाचा अहवाल लोकांना वाचता येईल असा उघड करा. रहिवाशांची बाजू घेणारा, निवासाशी आणि खात्याशी हितसंबंध नसलेला माणूस नेमा. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानेच प्रत्येक राज्यात असे लोकपाल असतात, आणि त्यांचे बरेच काम स्वयंसेवक करतात. ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे महाराष्ट्रात गावोगाव आहे. असे काम करायला त्यांच्याइतके योग्य कोण? शिवाय व्यक्तीचे प्रमाणपत्र चिरीमिरीला काही अंशी आळा घालते. संस्थेचा परवाना गेला तर नव्या नावाने संस्था काढता येते; माणसाचे प्रमाणपत्र गेले तर तो दुसऱ्या संस्थेतही त्या खुर्चीवर बसू शकत नाही. इंग्लंडने हेच ओळखून संस्थेच्या नोंदणीसोबत व्यवस्थापकाचीही स्वतंत्र नोंदणी ठेवली आहे. जबाबदारीला नाव आणि चेहरा असला की ती झटकणे अवघड जाते.

विल्सन यांच्या स्वप्नाला प्रामाणिक राहणारे लोक आणखी एक शंका घेतात. नियम वाढले की घराचे पुन्हा रुग्णालय होते. पडू नये म्हणून चालूच द्यायचे नाही, गोड खाऊ नये म्हणून कपाटाला कुलूप, दार आतून लावायचे नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाचे आयुष्य त्याच्या हातून काढून घेतले जाते. ही शंका खरी आहे आणि अमेरिकेत कित्येक ठिकाणी तसे घडलेही. पण हे घडवणारा कोण असतो? ज्याला धोका मोजता येत नाही, तो सगळ्याच धोक्यांवर बंदी घालतो. भटकणाऱ्या आजोबांना न शिकलेला व्यवस्थापक खोलीत कोंडतो किंवा खुर्चीला बांधतो, कारण त्याला दुसरे काही सुचत नाही. शिकलेला विचारतो, हे रोज चारच्या सुमारासच का उठतात? नोकरीवरून घरी जायची ती वेळ होती का? आणि त्या वेळी त्यांच्यासोबत अंगणात दोन फेऱ्या मारायला माणूस ठेवतो. माणसाला मोकळे ठेवायला त्याला बांधून ठेवण्यापेक्षा जास्त ज्ञान लागते. हक्कांचा विषय परीक्षेत असण्याचे कारण तेच.

आता आपल्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यात राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम काढावा, असे म्हटले आहे. २०१९ साली केंद्राने या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यात वृद्धनिवासांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा अशा तरतुदी होत्या. ते संसदीय समितीकडे गेले, २०२१ साली समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपताच ते विधेयकही संपले. त्याच २०२४ साली महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान अटी घातल्या. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद, फरशी निसरडी नको, न्हाणीघरात धरायला दांडे, लिफ्टमध्ये दिसेल आणि ऐकू येईल असा इशारा. या अटी चांगल्या आहेत, आवश्यक आहेत, आणि इतक्या उशिरा का होईना त्या आल्या हे बरे झाले. तरी चित्र काय उरते? चाकाची खुर्ची दारातून किती सुटसुटीत जाईल हे राज्याने ठरवले. ती खुर्ची ढकलणाऱ्याला काय ठाऊक असावे, हे अजून ठरवायचे आहे.

ते ठरवणे फार कठीण नाही. दिल्लीची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था वृद्धसेवेचे अभ्यासक्रम कित्येक वर्षे चालवत आली आहे, कौशल्य विकासाच्या योजनांत वृद्धांच्या केअरटेकरसाठी अभ्यासक्रम आहे, परिचर्या महाविद्यालये आणि समाजकार्य महाविद्यालये राज्यभर पसरलेली आहेत. कमी आहे ती व्यवस्थापकासाठी सक्तीची पायरी. ती मराठीतून घेता आली पाहिजे, कारण तालुक्याच्या गावी आश्रम चालवणाऱ्या बाईंना इंग्रजी परीक्षेने दारातच अडवणे हा अन्याय होईल. आज काम करत असलेल्यांना दोन-तीन वर्षांची मुदत आणि शुल्कात सवलत मिळाली पाहिजे. दहा-बारा जणांच्या घराला हलकी अट, शंभरांच्या संकुलाला भारी. आणि सक्ती झालीच तर ती आधी त्या संकुलांना करा, जी जाहिरातीत असिस्टेड लिव्हिंग हा शब्द वापरून लाखांचे डिपॉझिट घेतात.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी निवास पाहायला जाल तेव्हा बाग, जेवणाचा तक्ता आणि खोलीची हवा पाहून झाली की व्यवस्थापकांसमोर बसा आणि शांतपणे चार गोष्टी विचारा. तुम्ही या कामाचे काय शिकलात? रात्री किती माणसे जागी असतात आणि त्यांना कोणी शिकवले? गोळ्यांची नोंद कुठे ठेवता, मला दाखवाल का? आणि कोणत्या अवस्थेतल्या माणसाला तुम्ही ठेवून घेत नाही? या शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही सगळ्यांनाच ठेवतो’ असे उत्तर मिळाले, तर दुसरे घर पाहा.